मिश्र पिकअप बसवल्यावर दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर आवाज पातळ होतो, त्याचे निवारण

इलेक्ट्रिक गिटारचे तिन्ही पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संदेशात बदलणारे चुंबक आणि कॉइलचे भाग, एकाच संचातले असतात तेव्हा ते एकमेकांशी जुळतील याची काळजी बनवणाऱ्याने आधीच घेतलेली असते. आपण त्यांतला एक काढून दुसऱ्या कंपनीचा बसवतो तेव्हा ती जबाबदारी आपल्यावर येते, आणि हे लक्षात न आल्यामुळे एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. ब्रिजजवळ नवा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बसवला, तो एकटा उत्तम वाजतो, जुना मधला पिकअपही एकटा व्यवस्थित वाजतो, पण स्विच दुसऱ्या जागेवर नेला की आवाज एकदम पातळ आणि नाकातला होतो, खर्ज जवळजवळ नाहीसा होतो आणि आवाजाची पातळीही खाली जाते. मग नवा पिकअप सदोष निघाला असे गृहीत धरून तो परत करण्याची किंवा आणखी महागाचा घेण्याची घाई होते. बहुतेक वेळा दोष कोणत्याही एका पिकअपमध्ये नसतो, तर दोन पिकअपच्या नात्यात असतो, आणि ते नाते साध्या मल्टिमीटरने व होकायंत्राने घरच्या घरी तपासता येते. म्हणूनच ही तपासणी पूर्ण होईपर्यंत नव्या पिकअपवर एक रुपयाही खर्च करू नये असे माझे ठाम मत आहे.

पुढचे सर्व विवेचन सर्वाधिक आढळणाऱ्या मिश्रणाला धरून केले आहे. गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची आहे, नेकजवळ आणि मध्ये जुने सिंगल कॉइल पिकअप आहेत, आणि ब्रिजजवळ नवा हंबकर बसवला आहे. पाच जागांच्या स्विचवर पहिली जागा फक्त ब्रिजची, दुसरी ब्रिज व मधल्याची, तिसरी फक्त मधल्याची, चौथी मधल्या व नेकची आणि पाचवी फक्त नेकची, असा क्रम धरला आहे.

सर्वप्रथम तक्रार खरी आहे का, हे ठरवले पाहिजे. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली तेव्हा तिच्यावर तीनच जागांचा स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत असत, आणि पाच जागांचा स्विच फेंडर कंपनीने १९७७ साली दिला. त्या मधल्या जागांचा किंचित पोकळ, टणत्कारी आवाज अनेकांना इतका वेगळा वाटतो की ते त्याला उलट फेजचा, म्हणजे दोन पिकअपचे संदेश एकमेकांच्या विरुद्ध येऊन खोडले जातात तेव्हाचा, आवाज म्हणतात. वास्तविक तिथे दोन्ही पिकअप एकाच फेजमध्ये समांतर जोडलेले असतात आणि तो आवाज दोष नव्हे. खरी उलट फेज ओळखण्यासाठी सर्वांत जाड तार मोकळी छेडावी. दोन्ही पिकअप एकत्र असताना तिचा खर्ज शाबूत राहत असेल तर सर्व काही ठीक आहे. तिचा खर्ज विरून गेला, फक्त वरचे स्वरांश ऐकू आले आणि एकट्या पिकअपपेक्षा आवाज स्पष्टपणे लहान झाला, तर ती उलट फेज समजावी. काही जण असा आवाज मुद्दाम शोधतात, हेही सांगितले पाहिजे. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या लेस पॉल गिटारच्या मधल्या जागेवरचा प्रसिद्ध आवाज नेकच्या पिकअपचे चुंबक उलटे असल्यामुळेच येत होता. परंतु तो हवा असणे वेगळे आणि नकळत गळ्यात पडणे वेगळे.

उलट फेज का होते, हे समजण्यासाठी प्रत्येक कॉइलच्या दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. तारांच्या बाजूला चुंबकाचा कोणता ध्रुव आहे ही पहिली, आणि कॉइलचे वेढे ज्या दिशेने आहेत त्यानुसार तिचे कोणते टोक हॉट, म्हणजे संदेश बाहेर नेणारे, म्हणून जोडले आहे (दुसरे टोक ग्राउंडला जाते) ही दुसरी. तारेचा संदेश या दोन्हींवर अवलंबून असतो, पण हम, म्हणजे घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे कॉइलमध्ये शिरणारी घरघर, चुंबकाला ओळखतच नाही. तिचा संबंध फक्त वेढ्यांच्या दिशेशी आणि जोडणीशी असतो. त्यामुळे दोन पिकअपमध्ये चुंबक आणि जोडणी ही दोन्ही सारखी असतील तर तारेचा संदेश एकमेकांत मिळतो आणि हमही तशीच राहते. दोन्ही उलट असतील तर तारेचा संदेश मिळतो आणि हम मात्र एकमेकांना खोडते. हंबकरच्या आतल्या दोन कॉइल आणि अलीकडच्या संचांतला उलट वेढ्यांचा मधला पिकअप याच तत्त्वावर चालतात. दोहोंपैकी एकच गोष्ट उलट असेल तर तारेचे संदेश एकमेकांना खोडतात. बिघाड नेमका हाच असतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. यासाठी गिटार उघडावी लागत नाही आणि तारा सैल करण्याचीही गरज नाही. गिटारमध्ये नेहमीची केबल लावावी, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण वर ठेवावेत, केबलचे दुसरे टोक अ‍ॅम्पऐवजी टेबलावर ठेवून मल्टिमीटरची लाल सळई प्लगच्या टोकाला आणि काळी सळई प्लगच्या दांड्याला लावावी. मगरपकडीच्या वायर असतील तर हात मोकळे राहतात. मीटर २० किलो ओहमच्या पट्ट्यावर ठेवून स्विचने एकच पिकअप निवडावा. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलसाठी साधारण साडेपाच ते साडेसहा किलो ओहम, सौम्य हंबकरसाठी साडेसात ते साडेआठ, आणि जोरदार वेढ्यांच्या हंबकरसाठी चौदा ते सोळा किलो ओहमच्या आसपास आकडा दिसतो. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रोध, समांतर असल्यामुळे हा आकडा कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी येतो. ते स्वाभाविक आहे. आकडा स्थिर झाला की साधा लोखंडी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचे टोक पिकअपच्या एका पोल पीसवर, म्हणजे तारेखालच्या धातूच्या गोल टोकावर, झटकन टेकवावे आणि नजर मीटरवर ठेवावी. टेकवण्याच्या क्षणी आकडा किंचित वर उसळतो किंवा खाली जातो, आणि स्क्रूड्रायव्हर उचलताना बरोबर उलट घडते. आपल्याला फक्त टेकवण्याच्या क्षणाची दिशा हवी आहे, उचलण्याची नव्हे, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. डिजिटल मीटर संथ असल्यामुळे एखादी झेप त्याच्याकडून सुटते, म्हणून प्रत्येक पिकअपवर ही कृती सात-आठ वेळा करून दिशेची खात्री करावी आणि ‘वर’ किंवा ‘खाली’ असे कागदावर लिहून ठेवावे.

तिन्ही पिकअपची दिशा एकच आली तर ते एका फेजमध्ये आहेत. दोघांची ‘वर’ आणि एकाची ‘खाली’ आली तर तो एक वेगळा पडला आहे. हंबकरच्या बाबतीत स्क्रूंच्या ओळीवर आणि गुळगुळीत ओळीवर अशी दोनदा चाचणी घ्यावी. दोन्ही ओळींची दिशा सारखीच यायला हवी. ती वेगवेगळी आली तर हंबकरच्या स्वतःच्याच दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जोडल्या गेल्या आहेत, आणि असा हंबकर एकटाही पातळच वाजतो.

दुसरी नोंद चुंबकाची. साधे होकायंत्र पोल पीसजवळ आणले की सुईचे कोणते टोक ओढले जाते ते पाहावे. उत्तर दाखवणारे टोक ओढले गेले तर वरचा ध्रुव दक्षिण आहे आणि दुसरे टोक ओढले गेले तर तो उत्तर आहे. पिकअपचे चुंबक जोरदार असते आणि होकायंत्र अगदी चिकटवले तर सुईच उलटी चुंबकित होऊ शकते, म्हणून ते हळूहळू जवळ न्यावे आणि आधी व नंतर ते खरी उत्तर दाखवते की नाही हे पाहावे. मोबाइलमधल्या होकायंत्रावर या कामासाठी विसंबू नये.

या दोन नोंदी हाती आल्या की पुढचे सर्व निर्णय कागदावरच घेता येतात. ज्या जोडीची दिशा उलट आहे तिच्यातल्या एका पिकअपच्या दोन वायर अदलाबदल केल्या की आवाज भरदार होतो. त्यानंतर हम कमी होईल की नाही, हे मात्र चुंबक ठरवते: दोन्ही सिंगल कॉइल असून त्यांचे ध्रुव वेगळे असतील तर हम खोडली जाईल, सारखे असतील तर तशीच राहील. त्यामुळे वायर बदलल्यावर ‘आवाज सुधारला, पण आधी नव्हती ती घरघर आली’ असे कोणी म्हटले तर त्याने काही बिघडवलेले नाही. त्या दोन पिकअपचे चुंबक मुळातच सारखे होते, आणि आधीच्या उलट जोडणीत हमबरोबर खर्जही खोडला जात होता, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एका सापळ्याचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण हीच समस्या परत परत येण्याचे खरे कारण तो आहे. दुसऱ्या जागेवर आवाज पातळ येतो म्हणून अनेक जण मधल्या पिकअपच्या वायर अदलाबदल करतात, कारण दोन साध्या वायर असलेला तो पिकअप हाताळायला सर्वांत सोपा असतो. दुसरी जागा सुधारते. दोन दिवसांनी चौथ्या जागेवर तोच पातळ आवाज येतो, कारण मधला आणि नेकचा हे दोघे आधी जुळलेले होते आणि आता ते नाते तुटले आहे. मग नेकचा पिकअप संशयित ठरतो आणि काम वाढत जाते. तीनपैकी जो एकटा वेगळा आहे, त्याचीच जोडणी बदलायची, हा इथला एकमेव नियम आहे, आणि तो कोणता हे टेकवण्याच्या चाचणीच्या नोंदीवरूनच समजते. आपल्या उदाहरणात तो नवा हंबकर असतो, तेव्हा बदलही त्याचाच करावा.

हंबकरला चार वायर आणि एक उघडी वायर असेल तर काम सोपे आहे, पण रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. सीमूर डंकनच्या नेहमीच्या जोडणीत काळी वायर हॉट, हिरवी ग्राउंड, आणि लाल व पांढरी एकमेकींना जोडून झाकलेल्या असतात. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, आणि काळी व पांढरी एकत्र असतात. एका कंपनीचा पिकअप दुसऱ्या कंपनीच्या आकृतीप्रमाणे जोडणे हा उलट फेजकडे किंवा मुक्या कॉइलकडे जाण्याचा हमखास मार्ग आहे. फेज बदलण्यासाठी डंकनमध्ये हिरवी हॉटला आणि काळी ग्राउंडला न्यावी, डिमार्झिओमध्ये हिरवी हॉटला आणि लाल ग्राउंडला न्यावी. उघडी वायर दोन्ही बाबतीत ग्राउंडलाच राहील आणि जोडून ठेवलेल्या दोन वायरना हात लावायचा नाही. स्वस्त पिकअपमध्ये रंगांवर अजिबात विश्वास न ठेवता मीटरने कोणत्या दोन वायर एका कॉइलच्या आहेत हे शोधून मगच पुढे जावे.

जुन्या पद्धतीच्या हंबकरला एकच आतली वायर आणि बाहेरून धातूची विणलेली जाळी असते. ही जाळी पिकअपच्या तळपट्टीला आणि आवरणाला जोडलेली असल्यामुळे ती हॉटला नेली तर संपूर्ण धातूचे अंगच हॉट होते आणि हात लागताच गुरगुर सुरू होते. अशा वेळी दोन मार्ग उरतात. एक तर दोन्ही सिंगल कॉइलच्या वायर अदलाबदल कराव्यात. दोन्हींच्या, एकाच्या नव्हे. किंवा हंबकर उघडून आतली चपटी चुंबकपट्टी तिच्या लांबीच्या अक्षाभोवती पालथी करावी. टेलिकास्टरच्या नेक पिकअपमध्येही हीच अडचण येते, कारण त्याचे धातूचे आवरण ग्राउंडच्या वायरशी छोट्या जोडणीने बांधलेले असते. तिथे ती जोडणी तोडून आवरणाला स्वतंत्र तिसरी वायर झाळावी आणि मगच कॉइलच्या वायर बदलाव्यात. मात्र ज्या सिंगल कॉइलमध्ये वेढे थेट चुंबकाच्या सळ्यांवर घातलेले असतात, तिथे सळ्या ढकलून उलट्या करण्याचा मोह टाळावा. केसासारखी बारीक वायर लगेच तुटते आणि पिकअप कायमचा जातो.

फेज जुळली की मगच आवाजाच्या पातळीकडे वळावे. हा क्रम उलटा केला तर हाती काही लागत नाही. कागदावरचा ओहमचा आकडा म्हणजे पिकअपची ताकद नव्हे, कारण बारीक वायरचे वेढे कमी असले तरी रोध जास्त दिसतो आणि चुंबकाचा प्रकार त्या आकड्यात दिसतच नाही. तरीही १६ किलो ओहमचा हंबकर आणि ६ किलो ओहमचे सिंगल कॉइल शेजारी बसवले तर स्विच बदलताना आवाज खाली पडल्यासारखा वाटणारच. उपाय उंचीच्या स्क्रूंमध्ये आहे. आधी सिंगल कॉइल त्यांच्या सुरक्षित उंचीवर आणावेत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली असता जुन्या पद्धतीच्या पिकअपचे पोल पीस आणि तार यांत जाड तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर अंतर असावे. यापेक्षा फार जवळ नेले तर सळ्यांचे चुंबक तारेला ओढते, वरच्या फ्रेटवर स्वर डगमगतो आणि सूर लागत नाही असे वाटते. मग अ‍ॅम्प स्वच्छ आवाजावर ठेवून, एकच कॉर्ड सारख्याच जोराने छेडत, हंबकर खाली करत जावा. हंबकरसाठी साधारण १.६ मिलिमीटरची शिफारस असते, पण मिश्र संचात तो ३ मिलिमीटरपर्यंत खाली गेला तरी मला काही गैर वाटत नाही. कमकुवत पिकअप वर रेटत नेण्यापेक्षा जोरदार पिकअप खाली आणणे केव्हाही बरे.

पातळी जुळल्यानंतरही ‘सिंगल कॉइल कर्कश वाटतात’ किंवा ‘हंबकर दबलेला वाटतो’ ही तक्रार राहिली तर ती पॉटची आहे. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये २५० के (किलो ओहम) आणि हंबकरच्या गिटारमध्ये ५०० के अशी जुनी वहिवाट आहे, कारण लहान पॉट पिकअपवर जास्त भार टाकून वरचे स्वरांश दाबतो. मिश्र संचात सर्वांत सोपा तोडगा असा की व्हॉल्यूमचा पॉट ५०० के घ्यावा आणि नेक व मधल्याचे टोनचे पॉट २५० केच ठेवावेत. स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ जोडणीत ब्रिजला टोन नसल्यामुळे हंबकरला फक्त ५०० केचा भार मिळतो आणि एकट्या सिंगल कॉइलला वरच्या स्वरांशांसाठी ५०० व २५० मिळून सुमारे १६७ केचा. मूळच्या सर्व २५० केच्या जोडणीत हा भार १२५ के असतो; म्हणजे थोडा उजळपणा वाढतो, पण कान दुखत नाहीत. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर प्रत्येक सिंगल कॉइलच्या स्विचवरच्या पायापासून ग्राउंडपर्यंत रेझिस्टर झाळता येतो, जेणेकरून तो पिकअप निवडला असेल तेव्हाच भार वाढेल. ४७० केचा रेझिस्टर ५०० केच्या पॉटबरोबर सुमारे २४२ के देतो, हे गणित बरोबर आहे. पण चौथ्या जागेवर दोन्ही रेझिस्टर एकत्र येऊन व्हॉल्यूमचा भार सुमारे १६० केवर उतरतो आणि आवाज मंदावतो. म्हणून मी १ मेगचे (१००० केचे) रेझिस्टर पसंत करतो: एकटा पिकअप असताना ३३३ के, दोन्ही असताना २५० के. हे रेझिस्टर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतात. पॉट घेताना मात्र दांड्याची जाडी आणि दाते आपल्या जुन्या नॉबला बसतात की नाही हे नॉब सोबत नेऊन पाहावे.

दुसऱ्या जागेची आणखी एक गोष्ट फेजशी संबंध नसताना फेजच्या नावावर खपते. पिकअप समांतर जोडले की ज्याची विद्युत बाधा कमी त्याचा वरचष्मा राहतो, म्हणून जोरदार हंबकर सहा किलो ओहमच्या मधल्या पिकअपबरोबर आला की हंबकर जणू गायब होतो आणि फक्त मधलाच ऐकू येतो. खर्ज शाबूत असेल तर ही उलट फेज नव्हे. दुसऱ्या जागेवर हंबकरची एकच कॉइल चालू ठेवणे हा यावरचा उत्तम इलाज आहे, आणि चार वायरचा हंबकर घेण्याचे खरे कारणही हेच. जोडून ठेवलेल्या दोन वायर ग्राउंडला नेल्या तर हॉटच्या बाजूची कॉइल उरते, आणि त्याच दोन वायर हॉटला नेल्या तर दुसरी उरते. दोन्ही कॉइलची फेज मधल्याशी जुळलेली असतेच. त्यांतली ज्या कॉइलचा ध्रुव मधल्याच्या विरुद्ध आहे ती निवडली की दुसऱ्या जागेवरची हमही निघून जाते. होकायंत्राची नोंद घ्यायला सांगितले ते याचसाठी; हंबकरच्या दोन्ही ओळींची ती वेगवेगळी घ्यावी.

पोल पीसमधल्या अंतराबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या मापाच्या हंबकरमध्ये पहिल्या ते सहाव्या पोल पीसचे अंतर सुमारे ४९ ते ५० मिलिमीटर असते आणि स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या ब्रिजजवळ तारा त्यापेक्षा पसरलेल्या असतात, म्हणून ५१ ते ५३ मिलिमीटरचा रुंद हंबकर मागवावा. अरुंद हंबकर आधीच बसवला असेल तर फरक डोळ्यांना जितका खुपतो तितका कानाला जाणवत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी तो बदलू नये.

बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह पिकअप आणि साधा पिकअप यांचे मिश्रण मात्र मी कोणालाही सुचवत नाही. ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपना २५ केचे पॉट लागतात. तेच पॉट साध्या पिकअपला लावले तर त्याचा आवाज गुदमरतो, आणि २५० केचे पॉट अ‍ॅक्टिव्ह पिकअपला लावले तर व्हॉल्यूम हळूहळू न उतरता जवळजवळ चालू-बंद करणाऱ्या बटणासारखा वागतो. दोघांना स्वतंत्र व्हॉल्यूम आणि मध्ये बफर (एकाचा भार दुसऱ्यावर पडू न देणारे छोटे सर्किट) दिला तर ते एकत्र नांदू शकतात, पण तेवढे काम करण्यापेक्षा त्या जागी जोरदार साधा हंबकर बसवणे अधिक शहाणपणाचे आहे.